जेवणाच्या सुट्टीतली चूल

प्रश्न थोडक्यात असा आहे : चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात काम, जेवणाची सुट्टी ४५ मिनिटांची. महिन्यातून एखादा ट्रेक होतो, पण चूल पेटवायची वेळ आली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. रोजच्या सुट्टीत बाहेर उघड्यावर बसून विस्तव करणं, सुरी-कोयता चालवणं, गाठी मारणं, थोडंफार रांधणं शिकता येईल का, की हे नुसतं वेड आहे?

वेड आहेच, पण जमणारं आहे. मी त्याच पट्ट्यात मेंटेनन्सला आहे आणि बारा वर्षं हा उद्योग करतो आहे. सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत पोरांना घेऊन जाणं त्याच्याही आधीपासून चालू आहे. तरी खरं सांगायचं तर चूल मी डोंगरात शिकलो नाही, कंपनीच्या मागच्या शेतात शिकलो. ट्रेकला महिन्यातून एकदा चूल पेटते आणि ती पेटवायला चारजण पुढे होतात, आपल्या वाट्याला फुंकर मारण्यापलीकडे काही येत नाही. सुट्टीत आठवड्यातून एकदा जरी पेटवली तरी वर्षाकाठी चाळीस वेळा काडी आपल्याच हाताने ओढली जाते.

आधी वेळेचा हिशोब. १९४८च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामामागे किमान अर्धा तास विश्रांती लिहून दिली होती. तुमच्याकडे त्याहून पंधरा मिनिटं जास्त आहेत, म्हणजे तुम्ही श्रीमंत. त्यातली जायला सहा, यायला सहा, हात-तोंड धुऊन पंच करायला तीन. उरली तीस. विझवायची सात मिनिटं मी कुणालाही कापू देत नाही, का ते पुढे सांगतो. राहिली तेवीस, आणि त्यातच जेवायचं आहे. म्हणून डबा घरूनच न्या. पहिल्या महिन्यात माझं निम्मं रांधणं शेतातल्या कुत्र्याने खाल्लं, आणि त्यातलंही थोडं त्याने हुंगून सोडून दिलं. डबा होता म्हणून दुपारची पाळी उपाशी काढावी लागली नाही.

तेवीस मिनिटांत एका दिवशी एकच गोष्ट करायची. आज फक्त झिलप्या काढणं, म्हणजे काडीचे पातळ कुरळे पापुद्रे सोलणं. उद्या फक्त गाठी. परवा फक्त जळण गोळा करून जाडीप्रमाणे लावून ठेवणं. विस्तव आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. नवीन पोरं पहिल्याच दिवशी मटण शिजवायला निघतात आणि तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये परत दिसतात.

जागेचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. टेकडीवर नको. वनखात्याच्या राखीव जंगलात आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक डोंगरउतारांवर वनखात्याची पाटी असते. भामचंद्राचा डोंगर तुम्हाला जवळ पडेल आणि तिथे सावलीही छान आहे, पण तिथे डबा खा, तिथे ध्यानाला बसणाऱ्या तुकोबांची आठवण काढा आणि या. फेब्रुवारीनंतर त्या उतारांवरचं गवत असं वाळतं की एक ठिणगी पुरते. एमआयडीसीतले मोकळे प्लॉटही टाळा. गवताखाली काय काय टाकलेलं आहे आणि कुठून कसली लाइन गेली आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं.

उरतो शेतकरी. कंपनीच्या भिंतीपलीकडे कुणाची तरी बाजरी, कुणाचा तरी कांदा असतोच. मी ज्यांच्याकडे बसतो त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फार लांबण लावली होती, छंद, निसर्ग, वगैरे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी चूल पेटवायला शिकायचीय?" हो म्हटलं. "घरी कुनी शिकवली न्हाई?" त्या दिवसापासून विहिरीजवळचं जुनं खळं माझं. सारवून-ठोकून टणक झालेली उघडी जमीन, गवताची काडी नाही, पाणी वीस पावलांवर. तुम्हीही असंच काहीतरी शोधा. परवानगी तोंडी चालते, पण मालकाची घ्या, वाटेकऱ्याची नव्हे. दोघांची घेतली तर उत्तम. पेटवायच्या दिवशी फोन करून सांगायचं आणि चहा जास्तीचा करायचा, एवढं भाडं.

आता हत्यार. परदेशी व्हिडिओ बघून जाड पात्याच्या महागड्या सुऱ्या घ्यायची हौस प्रत्येकाला येते, मलाही आली होती. आपल्याकडचं खरं हत्यार कोयता. लोहाराकडून गाडीच्या पाट्याचा करून घेतलेला कोयता मनगटाएवढं लाकूड फोडतो, काटे साफ करतो, आणि त्याच्या टोकाशी धरून बारीक कामही होतं. फक्त तो हातात घेऊन रस्त्याने चालू नका. आपल्या जिल्ह्यात कोयत्याची ख्याती सध्या शेतीसाठी नाही, आणि गेटवरच्या सिक्युरिटीला तुम्ही छंद समजावून सांगेपर्यंत सुट्टी संपलेली असेल. माझा कोयता आणि सुरी अण्णांच्या गोठ्यात वर खोचलेली असते. मी खिशात फक्त काडेपेटी नेतो. धार लावायला कुरुंदाचा दगड गोठ्यातच आहे. धार गेलेलं हत्यार जोर मागतं, आणि जोर लावला की निसटतं. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवरची खूण बोथट सुरीने दिली आहे.

झिलप्या काढायला दोन आठवडे द्या. अंगठ्याएवढी वाळकी, सरळ, गाठ नसलेली काडी घ्यायची, तिचं टोक फळीवर टेकवायचं, आणि सुरी मनगट न हलवता, खांद्यातून खाली आणायची. झिलपी पातळ निघून कुरळी होऊन काडीलाच चिकटून राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्या तुटून पडतील. बसून करा, पण मांडीवर टेकवून नको. सुरी निसटली तर मांडीच्या आतल्या बाजूची मोठी रक्तवाहिनी वाट बघत असते. कोपर गुडघ्याच्या बाहेर ठेवायचं.

जळण म्हणजे सरसकट लाकूड नव्हे, हे समजायला मला वर्ष लागलं आणि अण्णांच्या आईला ते जन्मतः माहीत होतं. तुराट्या झटकन पेटतात आणि झटकन संपतात, त्या सुरुवातीला. बाजरीचं सरमाड धूर फार करतं. सुबाभूळ आणि गिरिपुष्प मधल्या फळीतले खेळाडू, बांधावर वाळकी सापडतात. निखारा हवा असेल तर बाभूळ. बाभळीचा निखारा अर्धा तास तोंड लाल ठेवतो. गोवरी पेटायला रडवते, पण एकदा धरली की सोडत नाही. पूर्वी विस्तव रात्रभर राखेत जपायचे तो तिच्याच जिवावर. आणि काही झाडं चुलीत घालायचीच नाहीत : कण्हेर, शेर, रुई, आणि डोंगराकडे गेलात तर बिब्बा. बिब्ब्याचा धूरसुद्धा अंगावर फोड आणतो. कण्हेरीची सरळ काडी बघून कणीस टोचायचा मोह होतो, तो आवरा. ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

मोडून बघायचं. काटकी 'कट्ट' करून तुटली तर वाळकी, वाकून सोलली गेली तर ओली. जमिनीवर पडलेलीपेक्षा झुडपात अडकून उभी वाळलेली चांगली. मग चार ढीग लावायचे : काडेपेटीतल्या काडीएवढं, करंगळीएवढं, अंगठ्याएवढं, मनगटाएवढं. नवशिक्याची चूल विझते ती बहुतेक वेळा दुसऱ्या ढिगाशी, कारण तो काडीवरून थेट अंगठ्यावर उडी मारतो. बारीक जळण तुम्हाला पुरेसं वाटेल त्याच्या तिप्पट गोळा करा. आणि चारही ढीग लागल्याशिवाय काडी ओढायची नाही, म्हणजे नाही.

चूल तीन दगडांची. दगड शेताच्या तालीतून, म्हणजे दगडी बांधातून उचलायचे, ओढ्यातले भिजलेले गोटे नाहीत. आत मुरलेलं पाणी तापलं की ते फटकन तडकतात आणि कपची डोळ्यापर्यंत येते. उचलण्याआधी दगड काठीने उलटा करा. आपल्याकडे दगडाखाली विंचू असतो, कधी फुरसं असतं. पायात सेफ्टी शूज असतात ही कंपनीची कृपा. पेटवण्याआधी वर बघायची सवयही लावून घ्या : झाडावर आग्या मोहोळ असेल तर जागा बदला. तोंड वाऱ्याकडे करून दगड मांडायचे, म्हणजे फुंकणी कमी लागते. भांड्याला बाहेरून ओल्या मातीचा आणि राखेचा हात फिरवून घ्या. काजळी त्या लेपावर बसते, भांडं पाण्याने निघतं, आणि घरी बोलणी खावी लागत नाहीत.

पहिली परीक्षा चहाची. तीनशे मिलिलिटर पाणी, काडी ओढल्यापासून खळखळ उकळी फुटेपर्यंत किती मिनिटं, ते वहीत लिहायचं. माझी पहिली नोंद एकोणीस मिनिटांची आहे, हल्ली सात-आठ लागतात. यात पाणी शुद्ध करण्याचा धडाही होऊन जातो. गाळलेलं पाणी एक मिनिट खळखळून उकळलं की पुरतं, दोन हजार मीटरच्या वर गेलात तरच तीन मिनिटं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही एका मिनिटात काम भागतं. मात्र शेतातल्या पाण्यात फवारणीचं औषध उतरलं असेल तर उकळून ते जात नाही. त्यासाठी पाणी कुठून आलं हे विचारायचं. डोंगरावर डाळ शिजायला वेळ का लागतो तेही इथेच समजून घ्या. साधारण दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू एक अंशाने उतरतो.

काडेपेटीवर हात बसला की चकमक. बाजारात मिळणारी ठिणगीची कांडी वाईट नाही, पण आपल्या जमिनीत गारगोटी फुकट आहे. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ती तयार झालेली असते, नांगरटीनंतर शेतात चमकताना दिसते. पोलादासाठी वर्कशॉपमधली झिजलेली कानस. तिच्यात कार्बन भरपूर असतो, साध्या लोखंडाच्या पट्टीने ठिणगी पडत नाही. स्टोअरला विचारून भंगारातली घ्या, खिशात घालून आणू नका. गारगोटी फोडून धारेची कड काढायची, तिच्यावर बोट ठेवून जळका कापूस धरायचा आणि कानशीचा तुकडा वरून खाली घासत मारायचा. कपची उडते, म्हणून कंपनीचा सेफ्टी गॉगल. जळका कापूस रविवारी घरी करून ठेवा : जुन्या सुती बनियनचे तुकडे झाकणाच्या डबीत, झाकणाला खिळ्याएवढं भोक, डबी विस्तवात, आणि भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर. गार होईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर सगळं पेटून राख. त्या कापसावर ठिणगी पडली की ठिपका लाल होतो आणि हळूहळू पसरतो. तो नारळाच्या सोललेल्या शेंडीत ठेवून फुंकायचा. काटेसावरीचा कापूस दिसायला मोहक, पण नुसता भप्पकन जळून जातो, त्याचा निखारा टिकत नाही. मला पहिला लाल ठिपका सतराव्या सुट्टीला मिळाला. त्या दिवशी मी पंच करायला चार मिनिटं उशिरा गेलो आणि सुपरवायझरला खरं कारण सांगितलं, त्याने ते मानलं नाही.

विस्तव नसेल त्या दिवसांत दोर वळा. बांधावर घायपात असेल, कुणी त्याला केकताड म्हणतं. त्याचं पान दगडावर बोथट पट्टीने खरवडलं की आतला वाक, म्हणजे धागा निघतो. रसाने हाताला खाज सुटते, कपडा गुंडाळून करा. दोन पेड मांडीवर एका दिशेने पिळायचे आणि एकमेकांवर उलट दिशेने पडू द्यायचे. दोन उलट पिळांनीच दोर स्वतःला धरून ठेवतो. मी वीतभर दोर वळून गर्वाने अण्णांना दाखवला, तर त्यांनी तो दोन्ही हातांत धरून एक हिसका दिला आणि दोन तुकडे मला परत केले. गावात पिढ्यान्‌पिढ्या दोरखंड वळणारे मातंग कारागीर असत. त्यातल्या एका वयस्क मामांनी मला दाखवलं की नवा वाक जोडताना दोन्ही पेडांत एकदम जोडायचा नाही, जोड मागेपुढे पडला पाहिजे. तेवढ्या एका गोष्टीने दोर टिकायला लागला.

गाठी फार नकोत. सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक हाताला अंधारात कळला पाहिजे. ओझं लटकवायला न सरकणारा फास, ताडपत्री ताणायला सरकून घट्ट होणारी गाठ. या चार आल्या की वर्षभर पाचवीची गरज पडत नाही.

आणि आता रांधणं, ज्यासाठी बहुतेकजण येतात. तेवीस मिनिटांत काय होतं? पिठलं होतं. बेसन घरूनच ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालून डबीत न्यायचं, इथे फोडणी आणि पाणी. वांगं थेट निखाऱ्यावर बारा-पंधरा मिनिटांत मऊ होतं, मधे दोनदा फिरवायचं. शेजारी मिरच्या भाजून डब्याच्या झाकणात वाटीच्या बुडाने रगडल्या की ठेचा. कांद्याला तर आपल्या चाकणमध्ये तोटाच नाही : सालीसकट फुफाट्यात, म्हणजे तापलेल्या राखेत पुरायचा, वरची दोन पापुद्रं कोळसा झाली की आतला साखर झालेला असतो. 'आगीतून फुफाट्यात' म्हणताना आपण फुफाट्याला उगीच बदनाम करतो. रांधणाऱ्याला आगीपेक्षा फुफाटा कामाचा, कारण तो करपवत नाही. सुका बोंबील निखाऱ्यावर दोन मिनिटांत कुरकुरीत होतो. पण त्या दुपारी मीटिंग असेल तर नको, हा अनुभवाचा बोल. भाकरीचं पीठ मळून आणू नका, ज्वारीचा गोळा तासाभरात विरी, म्हणजे चिकटपणा सोडतो. पीठ कोरडं आणा, गरम पाण्याने तिथेच मळा आणि लहान थापा.

हुरडा, पोपटी, रोडगे सुट्टीत होत नाहीत, प्रयत्नही करू नका. हुरडा भाजायची आगटी, म्हणजे निखाऱ्यांचा खड्डा तयार व्हायलाच तुमची सुट्टी संपेल. पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, तिला शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि निवांत माणसं लागतात. रोडगे गोवरीच्या निखाऱ्यात आतून शिजायला पाऊणेक तास घेतात. ते रविवारी, अण्णांनाही बोलावून.

आता विझवण्याची सात मिनिटं. २०१४च्या मार्चमध्ये मी निखाऱ्यांवर माती लोटली, वर पाय मारला आणि कामावर गेलो. सव्वातीनला फोन आला. मातीखाली बाभळीचा निखारा जिवंत राहिला होता, वाऱ्याने वरची माती हलली आणि बांधावरचं गवत धरलं. तिथून शेजाऱ्याच्या कडब्याची गंजी पन्नास पावलं. अण्णा आणि त्यांच्या सुनेने विहिरीची मोटर चालू करून पाइपने आग अडवली. माझं पोहोचणं झालं तेव्हा वीसेक फूट बांध काळा होता आणि सून ओली होऊन शांतपणे पाइप गुंडाळत होती. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कडबा ग्येला असता तर जनावरं तुमच्या कंपनीत बांधली असती." पुढचे दोन महिने मी त्या खळ्यावर काडी ओढली नाही, फक्त गाठी मारल्या.

तेव्हापासून पाणी. बादलीभर पाणी चुलीशेजारी आणल्याशिवाय पेटवायचं नाही. विझवताना ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, दगड उचलून त्यांच्याखाली ओतायचं, आणि मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्यायची. धग जाणवली नाही तर बोटाने राख चाचपायची. गार लागली तरच उठायचं. मार्च ते मे मी चूल पेटवतच नाही. ते महिने सुरीचे, दोराचे.

पावसाळ्यात उलट अडचण. सगळं भिजलेलं, पण उभं वाळलेलं मनगटाएवढं लाकूड कोयत्याने उभं फोडलं तर गाभा कोरडा मिळतो. त्याच्याच झिलप्या आणि कापराची एक वडी. कापूर वापरणं म्हणजे फसवणूक असं काहीजण म्हणतात. ते बहुधा भर पावसात चहाची वाट बघत बसलेले नसावेत.

धुराच्या वासाचं विचाराल. वास येतो. मी एक जुना शर्ट गोठ्यात ठेवतो आणि केसांना रुमाल बांधतो, तरी लाइनवरची पोरं ओळखतात. पहिलं वर्षभर मला 'आचारी' म्हणायचे. आता त्यातले दोघं गुरुवारी बरोबर येतात, एक वांगी आणतो, दुसरा नुसता सल्ले देतो.

तुम्ही नोव्हेंबरात सुरू करा. पाऊस सरलेला असतो आणि गवतात अजून ओल असते. पहिल्या आठवड्यात काडेपेटी नेऊच नका : भिंतीपलीकडे शेत कुणाचं ते शोधा, जाऊन बसा, त्यांच्याबरोबर डबा खा. आणि स्टोअरमध्ये झिजलेल्या कानशीसाठी आत्ताच सांगून ठेवा, भंगार उचलणारा महिन्यातून एकदाच येतो आणि सगळं घेऊन जातो.